हैदराबादेस जाण्यापूर्वी

बीड जिल्ह्यातून सहलीस निघणारी कुटुंबे अलीकडे बहुधा पुण्या-मुंबईकडे, कोकणाकडे किंवा तिरुपतीच्या वाटेला वळतात. परंतु ज्या घरांच्या जुन्या पेट्यांतून अद्यापि उर्दू लिपीतले दाखले, हाली शिक्क्याच्या पावत्या आणि मोमिनाबाद म्हणजे आजच्या अंबाजोगाई तहसिलीच्या मोहरेचे कागद निघतात, त्या घरांत हैदराबादचे नाव निघाले की प्रवासाचा बेत हा नुसता प्रवासाचा बेत राहत नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत या मुलखाचा सारा कारभार निजामाच्या नावाने ज्या शहरातून चालला, आणि त्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात सामील होईपर्यंत जे आमच्या राजधानीचे शहर राहिले, तेथे तीन दिवसांकरिता जावयाचे तर काय पाहावे आणि काय सोडावे, याविषयी अंबाजोगाईच्या एका वाड्याच्या ढेळजेत मामा आणि भाची यांच्यात झालेला संवाद मी शेजारी या नात्याने ऐकला. आणि दोघांच्या मतांमधला विरोध इतका मोलाचा वाटला की तो लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

मामा महसूल खात्यातून, त्यातही दप्तरखान्यातून, निवृत्त झालेले. त्यांचे वडील निजामी अमदानीत याच तहसिलीत पेशकार होते. भाची शाळेत भूगोल शिकवते. दिवाळीच्या सुटीत यजमान, दोन मुले आणि सासूबाई यांना घेऊन जाण्याचे तिने ठरवले होते, आणि तिच्या वहीत तीन दिवसांचे कोष्टक तासागणिक आखलेले होते. मामांनी चष्मा लावून ती वही सावकाश वाचली.

"बाई, यादी उत्तम आहे," ते म्हणाले, "चारमिनार आहे, लाडबाजारातल्या बांगड्या आहेत, सालारजंग संग्रहालय, गोवळकोंडा, हुसेनसागर, बिर्ला मंदिर, प्राणिसंग्रहालय, आणि शहराबाहेरची चित्रनगरीसुद्धा आहे. पण ही यादी लखनौच्या माणसाने केली असती तरी अशीच झाली असती. तू अंबाजोगाईहून निघते आहेस याची एकही खूण हिच्यात नाही."

"ती खूण असायलाच हवी का, मामा? मुले प्रथमच मोठे शहर पाहणार. जे जगाला दाखवण्यासारखे आहे ते त्यांनी जगाबरोबर पाहावे. आपण बीडचे म्हणून आपल्याला निराळे हैदराबाद दाखवा, असा हट्ट कशासाठी धरायचा?"

"कारण आपल्यासाठी ते निराळे आहेच. मक्का मशिदीचेच घे. गोवळकोंड्याच्या कुतुबशहाने आरंभलेली ती मशीद औरंगजेबाच्या काळी, १६९४ मध्ये पुरी झाली, एवढे सारे प्रवासी ऐकतात, कमानी पाहतात, कबुतरांना दाणे टाकतात आणि निघून जातात. पण तिच्या प्रांगणाच्या कडेला आसफजाही घराण्यातल्या कबरी आहेत, आणि त्यांत निजामअली खानाची कबर आहे. याच निजामअलीला १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांनी राक्षसभुवनाला गाठले. राक्षसभुवन कुठे आहे? आपल्या गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथेच रणात पडला. याच सुमाराला त्याने औरंगाबादेची राजधानी उठवून हैदराबादला नेली. आणि पुढे बत्तीस वर्षांनी, १७९५ मध्ये, खर्ड्याला त्याने पुन्हा हार खाल्ली. ते खर्डेही आपल्या पाटोदा-आष्टीच्या शिवेपलीकडेच आहे. शनीच्या दर्शनाला तुझी मुले राक्षसभुवनाला गेलेली आहेत. त्याच लढाईतला दुसरा माणूस हैदराबादेत कोठे निजला आहे, हे त्यांना तुझ्यावाचून कोण सांगणार?"

भाची थोडी थांबली. ती इतिहासाविषयी उदासीन नाही. तिचा आक्षेप अधिक खोल होता, आणि तो तिने स्पष्ट मांडला. "मामा, तुम्ही म्हणता ते मी सांगेन. पण असे सांगत गेले की शहर दिसेनासे होते, आणि आपणच आपल्याला दिसत राहतो. तिथे राहणारी लाखो माणसे आहेत. त्यांना आपला तालुका ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. आपण त्यांच्या गावात जाऊन आपल्या विजयाची आणि आपल्या दुःखाची ठिकाणे तेवढी शोधीत फिरलो, तर पाहुण्याने यजमानाच्या घरात शिरून स्वतःच्या आजोबांचीच तसबीर धुंडाळल्यासारखे होईल. पाहुण्याने पाहुण्यासारखे जावे. जे दाखवले जाईल ते आधी पाहावे."

"आपण पाहुणे नाही, हेच तर माझे म्हणणे आहे," मामा म्हणाले. "आपण दोनशे वर्षे त्या दौलतीची रयत होतो. तिने आपल्याकडून सारा घेतला, आपल्यावर आपली नसलेली भाषा लादली, आणि आपल्याला शाळा, कचेरी, कोर्ट जे काही मिळाले तेही तिच्याच मार्फत मिळाले. वारसाला आनंदाच्या वस्तूंबरोबर कर्जाचेही कागद वाचावे लागतात."

येथे मला दोघांच्याही मताचे बळ जाणवले. मोठ्या शहराचे अल्पकालीन दर्शन घेणाऱ्यापुढे हा पेच नेहमीच उभा राहतो: सर्वांनी पाहिलेले पाहावे तर ते आपले होत नाही, आणि केवळ आपले असलेले पाहावे तर ते शहर पाहिले असे म्हणवत नाही. पण या पेचाचा निकाल तत्त्वचर्चेने लागत नाही. तो एकेका स्थळापाशी, आणि पुष्कळदा उघडण्या-मिटण्याच्या वेळांपाशी, लावावा लागतो.

सालारजंग संग्रहालयाच्या बाबतीत दोघांची वाट एक झाली. भाचीला तेथे मुलांना तास वाजवणारे घड्याळ दाखवायचे होते: ठोका पडायच्या आधी लोक पुढ्यात दाटी करून बसतात, एक लहानशी मूर्ती दार उघडून बाहेर येते, घंटेवर जितके वाजले तितके टोले देते आणि पुन्हा आत जाते, आणि दुसऱ्या बाजूला एक लोहार क्षणाक्षणाला घण घालीत असतो. तिला बेन्झोनीने घडवलेली ती बुरख्यातली रिबेका दाखवायची होती, जिच्या चेहऱ्यावरचे वस्त्र संगमरवराचे असूनही त्यातून नाकडोळे दिसतात. मामांनी यातले काहीही कमी लेखले नाही, उलट ते म्हणाले, "ती मूर्ती ज्याने १८७६ मध्ये रोममध्ये खरेदी केली, तो पहिला सालारजंग कोण होता हे मात्र त्या मूर्तीपुढेच उभे राहून सांग. त्याच्या आधी आपल्या मुलखाचा वसूल इजाऱ्याने दिला जाई. जो जास्त बोली करील त्याने रयतेला पिळावे, असा तो प्रकार. या दिवाणाने तो मोडला, १८६५ पासून जिल्हाबंदी केली, जिल्ह्यावर तालुकदार आणि तालुक्यावर तहसीलदार बसवले. मी ज्या दप्तरात उभा जन्म काढला त्या दप्तराची मांडणी त्या घराण्याच्या माणसाने केलेली आहे. त्याचा नातू तिसरा सालारजंग अविवाहित वारला, आणि त्याने जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उघडले. मुलांनी घड्याळ अवश्य पाहावे. पण ज्या घरातून ते आले त्या घराने आपल्या गावालाही काही दिले आहे, हे त्यांना कळावे."

"हे मला ठाऊक नव्हते," भाची म्हणाली, आणि तिने वहीत टिपून घेतले.

गोवळकोंड्याबद्दल मात्र मतभेद उरला. मामांचे मन शिवछत्रपतींच्या १६७७ सालच्या भेटीकडे ओढ घेत होते. कर्नाटकच्या स्वारीवर जाताना महाराज भागानगरास आले, अबुल हसन कुतुबशहाने त्यांचा आदराने सत्कार केला, आणि त्याचे प्रधान मादण्णापंत यांच्या मध्यस्थीने तह झाला. भाचीने विचारले, "ती भेट ज्या महालात झाली तो आज उभा आहे का?" नाही, हे मामांनी मान्य केले. "मग जे उरलेले नाही ते मी मुलांना कसे दाखवू? गडावर उरले आहे ते दाखवते. दरवाजाच्या घुमटाखाली उभे राहून टाळी वाजवली की ती वर बालाहिसारपर्यंत ऐकू जाते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तीनशेहून अधिक पायऱ्या त्या चढणार नाहीत. त्या खाली घुमटाखाली बसून टाळी वाजवतील, मुले वर उभी राहून ऐकतील. आणि वर चढताना ती पाहतील की खालच्या हौदांतले पाणी टप्प्याटप्प्याने रहाटांनी उचलून मातीच्या नळांतून गडाच्या माथ्यावर कसे नेले होते. आपल्या बीडच्या खजाना विहिरीत सलाबतखानाने पाणी नुसत्या उताराने भुयारातून शेतांकडे सोडले. तिथे त्यांनी ते उताराविरुद्ध वर चढवले. मुलांनी ही दोन्ही कामे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, एवढीच माझी इच्छा."

यावर मामांनी एकच भर घातली, आणि ती मला अत्यंत मोलाची वाटली. कुतुबशाही कबरींच्या बागेत सारे सुलतान आपापल्या घुमटाखाली निजले आहेत. फक्त शेवटचा, तो अबुल हसन, तिथे नाही. १६८७ मध्ये आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर एक दरवाजा फितुरीने उघडला गेला, गड पडला, आणि औरंगजेबाने त्याला दौलताबादेस कैदेत पाठवले. तिथल्या चिनी महालात त्याचे उरलेले आयुष्य गेले आणि खुलताबादेत त्याला मूठमाती मिळाली. "मुले शाळेच्या सहलीत दौलताबादेला गेली आहेत ना? तर मग त्या बागेतल्या घुमटांतून कोण गैरहजर आहे, हे त्यांनी स्वतः ओळखावे."

संध्याकाळी दिवे लागले, चहा झाला, आणि बोलणे अशा जागी आले की जिथे मामांचा आवाज बदलला. त्यांना उस्मानिया विद्यापीठाचा समावेश हवा होता. कला महाविद्यालयाची ती गुलाबी ग्रॅनाइटची भव्य इमारत १९३९ मध्ये खुली झाली. पण त्याच्या आदल्या वर्षी वसतिगृहांत वंदे मातरम् म्हटल्याच्या अपराधासाठी शेकडो विद्यार्थी विद्यापीठातून काढले गेले, त्यांत मराठवाड्यातले कितीतरी तरुण होते, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला. सुलतानबाजार, कोठी हा भागही त्यांना हवा होता: ब्रिटिश रेसिडेन्सीच्या हद्दीत असल्यामुळे जे सभास्वातंत्र्य निजामाच्या अमलात नव्हते ते तिथे काही काळ मिळे, केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांची विवेकवर्धिनी शिक्षणसंस्था तिथून जवळच, आणि इसामिया बाजारातले मराठी ग्रंथसंग्रहालयही जवळच. आणि अखेरीस बेगमपेठ. "स्वामी रामानंद तीर्थ आपल्या गावात योगेश्वरी नूतन विद्यालयात मुलांना शिकवीत होते. इथून ते स्टेट काँग्रेसच्या लढ्यात गेले, कारागृहात गेले, आणि १९७२ च्या जानेवारीत हैदराबादेत त्यांचे देहावसान झाले. बेगमपेठेत त्यांची समाधी आहे. गावच्या वैद्यकीय महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे त्यांच्या समाधीवरून मोटारीने पुढे निघून जाणे मला सहन होणार नाही."

भाची लगेच उत्तरली नाही. मग ती म्हणाली, "समाधीला आम्ही जाऊ, ते माझ्या मनात आधीच यायला हवे होते. पण मामा, मुलांना लढा सांगायचा तर सगळा सांगावा लागेल. रझाकारांच्या भयाने आजोबांना घर सोडून सरहद्दीपलीकडे नगर जिल्ह्यात राहावे लागले, हे मी लहानपणापासून ऐकते आहे आणि ते खरे आहे. परंतु १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांतून निरपराध मुसलमान कुटुंबांवर जो अनर्थ ओढवला, ज्याच्या चौकशीसाठी दिल्लीहून पंडित सुंदरलालांची समिती आली, तो आपल्या घरात कधी कोणी बोलत नाही. आम्ही जाणार ती वाट बीदरवरून जाते. चारमिनारपाशी ज्यांच्या दुकानातून मी मुलीला बांगड्या भरीन, त्यांच्याकडेही त्या वर्षाच्या आठवणी असतील. अर्धे सांगायचे असेल तर मी काहीच सांगणार नाही."

मामांनी चष्मा काढला. "सगळे सांग," ते म्हणाले. "दप्तरात मी हेच शिकलो. मिसलीतला एक कागद गहाळ केला की बाकीचे सारे कागद खोटे पडतात."

माझ्या मते त्या संध्याकाळचे खरे वळण हेच. कारण यानंतर दोघेही आपापल्या बाजूची राखण करीनासे झाले. भाचीनेच मग असा मुद्दा काढला की जो मामांच्या साऱ्या दप्तरात नव्हता.

"तुम्ही म्हणता आपण वारस. मी म्हणते आपण पाहुणे. पण तिसरेही एक नाते आहे. मांजरा कुठे उगम पावते? आपल्या पाटोद्याच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगरात. केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे, आपण तेच पाणी पितो. तिथून ती लातूरकडून बीदरकडे जाते, पुढे तेलंगणात सिंगूरला तिच्यावर मोठा जलाशय आहे. आणि त्या जलाशयातून व त्याच्या खालच्या मांजरा बंधाऱ्यातून कित्येक वर्षे हैदराबादला पिण्याचे पाणी गेले. आज कृष्णा-गोदावरीचेही पाणी तिथे येते, पण मांजरेचे आधीपासून जाते आहे. सत्ता तिकडून इकडे आली हे तुम्ही सांगितले, मामा. पाणी मात्र इकडून तिकडे गेले. २०१६ च्या उन्हाळ्यात आपले धनेगावचे धरण कोरडे पडले, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते मुलांना आठवते. म्हणून मी रात्रीची परळीची गाडी सोडून दिवसा मोटारीने जाणार आहे. वाटेत मांजरा ओलांडावी लागते. तिथे गाडी थांबवून मुलांना खाली उतरवायचे आहे."

मामा बराच वेळ गप्प राहिले. आणि मग त्यांनी जे विचारले त्यावरून त्यांचे मन किती मोकळे आहे हे दिसून आले. "वाटेत आणखी काय दाखवणार आहेस?"

"दगड," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खुलला. "आपल्याकडे सगळा काळा पाषाण. बीदर-जहिराबादला माती लाल होते, जांभा लागतो. आणि हैदराबाद जवळ आले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे मोठमोठे गोल धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे दिसू लागतात. गोवळकोंडा त्यांच्यावर उभा आहे, चारमिनार त्याच दगडाचा आहे, तुमचे कला महाविद्यालयही त्याचेच. दगड ओळखला की इमारत ओळखता येते. आणि मुसी नदीच्या काठी उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक चिंच आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला जो भयंकर पूर आला त्यात हजारो माणसे वाहून गेली. सुमारे दीडशे माणसे त्या झाडावर चढून बसली म्हणून वाचली. त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावले गेले आणि पुढे उस्मानसागर, हिमायतसागर झाले. शहराचा स्वभाव मला त्या झाडाखाली जास्त कळेल असे वाटते."

"बीदरला महमूद गवानाचा मदरसा आहे," मामा म्हणाले, "१४७२ चा. वाटेवरच आहे."

"मामा, बीदरला मी थांबणार नाही. बीदर स्वतंत्र दोन दिवसांचे गाव आहे. वाटेवर आहे म्हणून तासाभरात उरकणे हा त्या गावाचा अपमान होईल."

हे ऐकून मला समाधान वाटले. थोड्या दिवसांच्या प्रवासात सर्वांत कठीण काम निवडण्याचे नसून सोडण्याचे असते. आणि सोडताना त्या स्थळाविषयीचा आदर शाबूत ठेवून सोडणे हे ज्याला जमले त्याचा प्रवास सार्थ झाला, असे मी समजतो.

मग दोघांनी मिळून कोष्टक नव्याने आखले. बुधवारी पहाटे निघून लातूर, उदगीर, भालकी, बीदर, जहिराबाद या वाटेने संध्याकाळपर्यंत मुक्काम गाठायचा. गुरुवारी सकाळी गर्दी होण्यापूर्वी चारमिनार, तिथून पायीच मक्का मशीद आणि निजामअलीची कबर, मग निजामांचा चौमहल्ला राजवाडा, आणि दुपारी सालारजंग. ही सारी ठिकाणे एकमेकांच्या आसपास असल्यामुळे सासूबाईंना फार चालावे लागणार नाही. शुक्रवारी सालारजंग आणि चौमहल्ला दोन्ही बंद असतात, मशिदीत जुम्याची गर्दी असते. तेव्हा तो दिवस आपोआप मामांच्या वाट्याला आला: सकाळी विद्यापीठ, मग कोठी आणि सुलतानबाजार, नदीकाठची चिंच, दुपारनंतर बेगमपेठ, आणि दिवेलागणीला हुसेनसागराचा काठ. शनिवारी सकाळी गोवळकोंडा आणि कबरींची बाग. चित्रनगरी भाचीने आपणहून खोडली. सबंध एक दिवस तिथे जाईल आणि तो दिवस शहराबाहेरच जाईल, हे तिला पटले होते. बिर्ला मंदिराचा निर्णय सासूबाईंवर सोपवला गेला.

राहिले प्राणिसंग्रहालय. मामांचे म्हणणे असे की वाघ-सिंह कुठेही दिसतात. त्या वेळात मराठी ग्रंथसंग्रहालयात मुलांना घेऊन जावे, आपली माणसे राजधानीत राहून आपल्या भाषेसाठी काय करीत होती ते त्यांनी पाहावे. भाची मात्र इथे मागे हटली नाही. "तुमचा दिवस तुम्हाला मिळाला, माझी नदी मला मिळाली. मुलांनी एक गोष्ट मागितली आहे. कबरी आणि समाध्या पाहून झाल्यावर त्यांना त्यांचे काही मिळाले नाही, तर पुढच्या वेळी ती आपल्याबरोबर येणार नाहीत. ग्रंथसंग्रहालयात मी शुक्रवारी सुलतानबाजारातून जाऊन येईन, मुलांना बरोबर नेईन. पण शनिवारची दुपार त्यांची."

मामांना हे पूर्ण पटले असे मला दिसले नाही. तरी त्यांनी पेन्सिल तिच्याकडे सरकवली, आणि तिने शनिवारच्या रकान्यात दुपारी दोन वाजल्यापुढे प्राणिसंग्रहालय असे लिहून वही मिटली.